रात्री कट्ट मोडणारे भाजीचे काप सकाळी वातड का होतात

सलग चार वेळा माझ्याकडे एकच प्रकार झाला. रात्री अकराच्या सुमाराला डिहायड्रेटरमधून, म्हणजे गरम हवेने भाजी वाळवायच्या मशीनमधून, बिटाचा एक काप काढायचा, गार होऊ द्यायचा, मोडायचा, कट्ट असा आवाज यायचा, मी खूश, मशीन बंद, झोप. सकाळी उठून तोच ट्रे ओढावा तर काप मोडायचं नावच घेत नाही, दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात तरी तुटत नाही, दाताखाली नुसता चिवट. पाचव्या वेळी धाकट्या भावाला चव बघायला दिले तर त्याने बराच वेळ चावून झाल्यावर शांतपणे विचारलं, "ताई, हे खायचंय की चपलेला लावायचंय?" मग मात्र मी हा विषय डोक्यात घेतला.

त्याआधी मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. तेल कमी केलं, तेल जास्त केलं, मीठ आधी लावलं, मीठ नंतर लावलं, तापमान वाढवलं, बीट सोडून गाजर घेतलं, गाजर सोडून दुधी घेतला. थोडाफार फरक पडायचा पण भरवसा नाही, एकदा जमलं की पुढच्या दोन वेळा फसणार. तर रेसिपी बदलायच्या आधी एक गोष्ट करा, स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो.

कारण असं की काप सादळतात ते दोन अगदी वेगळ्या कारणांनी, आणि सकाळी दोन्ही दिसतात सारखेच. एक म्हणजे कापांनी हवेतलं पाणी ओढून घेतलं. दुसरं म्हणजे बाहेरून काही आलंच नाही, पाणी आतच होतं, कापाच्या मधोमध दडून बसलेलं, कडा वाळल्या होत्या म्हणून रात्री आवाज आला आणि मग रात्रभरात ते मधलं पाणी हळूहळू कडांपर्यंत पसरलं. पहिल्याचा उपाय बरणीत आहे, दुसऱ्याचा मशीनमध्ये, आणि उलटसुलट केलं तर कितीही महागाची बरणी आणा, उपयोग शून्य. म्हणून रात्री मशीन बंद करताना सगळे काप एका भांड्यात घेऊन वजन करायचं, लिहून ठेवायचं, सकाळी मऊ पडलेले दिसले की परत तेच वजन करायचं. वजन वाढलं असेल तर हवा चोर आहे. वजन तेवढंच असेल आणि काप तरी मऊ झाले असतील तर ते मुळात वाळलेच नव्हते.

माझे रात्री ६७ ग्रॅम होते, सकाळी ७३. सहा ग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम एक चमचाभर. तेवढ्याने अख्खा ट्रे गेला.

हे सहा ग्रॅम एवढे का महत्त्वाचे ते आकड्यातच बघा, कारण मला स्वतःला हा हिशोब केल्यावरच डोक्यात प्रकाश पडला. बिटात साधारण ८७ ते ८८ टक्के पाणी असतं. अर्धा किलो सोललेलं बीट घेतलं तर त्यात खरं बीट, म्हणजे पाणी सोडून बाकी सगळं, साधारण ६२ ग्रॅम. कुरकुरीत काप हवा तर त्यात ५ टक्क्यांच्या आसपासच पाणी राहायला पाहिजे, म्हणजे शेवटचं वजन ६५-६६ ग्रॅम. आणि १२-१४ टक्के पाणी राहिलं की काप चामट, तेव्हा वजन असतं ७१-७३ ग्रॅम. म्हणजे ५०० वरून ७२ पर्यंत आलात, सव्वाचारशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी उडवलंत, तरी तुमच्या हातात चामडंच आहे, आणि चिप्स व्हायला अजून फक्त सहासात ग्रॅम जायचेत. गंमत म्हणजे पहिलं चारशे ग्रॅम भराभर जातं आणि हे शेवटचे सहासात ग्रॅम दोन-तीन तास खातात, कारण वरचं पाणी संपलेलं असतं आणि आतलं पाणी वाळलेल्या, आकसलेल्या थरातून वाट काढत बाहेर येतं. नेमकं तिथेच आपला धीर सुटतो, दिसायला तर सगळं वाळलेलं दिसतंय, मग बंद करा.

प्रत्येक भाजीचं गणित थोडं वेगळं. गाजर बिटासारखंच, साधारण ८८ टक्के पाणी. रताळं ७७ च्या आसपास, बटाटा ८०, मश्रूम ९२, झुकिनी ९४-९५, काकडी ९५-९६. म्हणजे एक किलो झुकिनी लावली तर हातात पन्नास-साठ ग्रॅम येणार, मी पहिल्यांदा केली तेव्हा मला वाटलं कुणी येऊन खाऊन गेलं की काय. सोललेल्या-चिरलेल्या भाजीचं वजन आधी करा, पाण्याचा टक्का वजा करा, जे उरेल त्यात वीसावा भाग मिळवा, ते तुमचं शेवटचं वजन. दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होणार कारण प्रत्येक भाजी सारखी रसदार नसते, पण "अजून दहा ग्रॅम जायचेत" एवढं तरी कळतं, आणि बोटाने दाबून बघण्यापेक्षा हे शंभरपट बरं. एक लक्षात ठेवा, भाजी उकळत्या पाण्यातून काढणार असाल तर हे गणित थोडं हलतं, थोडी साखर आणि क्षार पाण्यात जातात, थोडं पाणी आत येतं, तेव्हा आकडा अंदाज म्हणूनच धरा.

बोटाने दाबायचं निघालं म्हणून सांगते, मशीनमधून काढलेला गरम काप मोडून कधीच ठरवू नका. गरम असताना चांगला वाळलेला कापसुद्धा लवचिक लागतो, विशेषतः बीट, गाजर, रताळं अशा गोड भाज्या. भाजीतली साखर आणि बाकीचे घन पदार्थ पाणी गेल्यावर काचेसारखे होतात, शब्दशः काच, आपण कट्ट असा आवाज ऐकतो तो ती काच तडकल्याचा. ही काच गरम असताना मऊ असते, गार झाली की कडक. आणि तिच्यात थोडं पाणी शिरलं की घरातल्या साध्या तापमानालाच मऊ राहते, सादळणं म्हणतात ते हेच. तर एक काप काढायचा, ताटलीवर पाच मिनिटं ठेवायचा, मग मोडायचा. आणि ट्रेच्या कडेचा सगळ्यात पातळ काप उचलून स्वतःची फसवणूक करून घेऊ नका, मधला, सगळ्यात जाड दिसणारा काप उचला. तो मोडला तर सगळे झाले.

आता वजन वाढलेलं नाही पण काप मऊ, हा प्रकार. यात नव्वद टक्के वेळा घाई असते. मला एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी काप हवे होते म्हणून मी ५५ अंशाऐवजी सुरुवातीपासूनच ८० वर लावलं. तीन तासांत असे सुंदर वाळलेले दिसायला लागले की मी स्वतःचीच पाठ थोपटली. एक काप मधोमध कात्रीने कापून बघितला तेव्हा कळलं, दोन्ही बाजूंनी गडद, चकचकीत, कडक पापुद्रा आणि मध्ये एक फिकट, ओलसर रेघ, अगदी केसाएवढी. सुरुवातीलाच उष्णता जास्त दिली की वरचा थर आतलं पाणी बाहेर यायच्या आधीच वाळून घट्ट होतो आणि मग आतलं पाणी कोंडून राहतं. नंतर मशीन आणखी पाच तास चालवलं तरी ते लवकर निघत नाही. ही कात्रीची तपासणी जरूर करा, मोडून ती रेघ दिसत नाही, कापूनच दिसते.

त्यामुळे माझं आता ठरलेलं आहे, बहुतेक वेळ ५५ ते ५७ अंश, आणि वजन ठरलेल्या आकड्यापासून दहा-बारा ग्रॅमवर आलं की शेवटचा तास-दीड तास ६५. शेवटी वाढवलेलं चालतं कारण तोवर कोंडायला फारसं पाणी उरलेलं नसतं. आणि मशीनच्या डिस्प्लेवर ५५ लिहिलंय म्हणून आत ५५ आहे असं अजिबात नाही. ओव्हनमध्ये ठेवायचं साधं थर्मामीटर आत ठेवून बघा, माझ्या मशीनमध्ये पंख्याजवळच्या ट्रेवर आणि सगळ्यात लांबच्या ट्रेवर चांगला आठ अंशांचा फरक निघाला, म्हणजे एक ट्रे तयार तेव्हा दुसरा कच्चा, आणि मी दोन्ही एकाच बरणीत भरून मोकळी व्हायचे. एका बरणीत चार कच्चे काप असले तरी ते आपलं पाणी बाकीच्यांना वाटून टाकतात. दर दोन-अडीच तासांनी ट्रे वरखाली करायचे, समोरची बाजू मागे फिरवायची, एवढं पुरतं.

जाडीबद्दल एकच सांगते, सुरीने चिरू नका. कितीही हात बसलेला असला तरी सुरीने एक काप दोन मिलिमीटर आणि पुढचा चार होतो, आणि दुप्पट जाडीला दुप्पट वेळ लागत नाही, जवळपास चौपट लागतो. स्लायसर घ्या, दोन ते तीन मिलिमीटर ठेवा, बोटं सांभाळा. एक मिलिमीटरचे कागदासारखे काप जाळीला चिकटतात आणि काढताना चुरा होतो. काप एकमेकांवर आले तर जिथे आले तिथे ओला डाग राहणार, म्हणून ट्रे दाटीने भरायचा मोह आवरा, भाजी आकसल्यावर रिकामी जागा दिसते तेव्हा वाटतंच की अजून मावले असते.

वजन वाढलेलं असेल तर मात्र चूक मशीनच्या बाहेर झालीय. माझी चूक एवढीच होती की मी रात्री मशीन बंद करून काप आतच ठेवत होते. मशीन चालू असतं तेव्हा आतली हवा कोरडी असते ती फक्त गरम केल्यामुळे. बाहेर २५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली तर तीच हवा ५७ अंशांपर्यंत तापवल्यावर तिची आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणून पावसाळी दिवसातसुद्धा डिहायड्रेटर काम करतं. हीटर बंद झाला की मशीन गार, बाहेरची दमट हवा जाळीच्या ट्रेतून आरपार फिरते, आणि दोन्ही बाजूंनी उघडे, पातळ, तहानलेले काप रात्रभर पाणी पीत बसतात. सादळवायला याहून चांगली सोय कुणी मुद्दाम करू म्हटलं तरी करता येणार नाही. झोपायच्या वेळेला होत नसतील तर मशीन रात्रभर चालू ठेवा, ५५ अंशांवर दोन-तीन तास जास्त झाले तर बिघडत काही नाही. मला तर वाटतं जास्त वाळण्याची भीती हीच या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे, कारण एवढ्या तापमानाला काप करपत नाहीत, वाळून वाळून थांबतात. फक्त हिरवी पानं आणि कांदा यांना फार वेळ ठेवलं तर रंग-वास उतरतो.

काढल्यावर गार व्हायला पाच-दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, की लगेच बरणीत. गरम भरले तर झाकणाला आतून दव धरतं, ताटात पसरून तासभर विसरलात तर परत हवा आहेच. मी दोन ट्रे काढते, भरते, मग पुढचे दोन काढते, बाकीचे चालू मशीनमध्येच थांबतात.

बरणीच्या बाबतीत एक गैरसमज मीही बरेच दिवस बाळगला होता, की सारखी बरणी उघडल्यामुळे काप सादळतात, म्हणून घरात सगळ्यांवर ओरडायचे. मग एकदा हिशोब केला. एक लिटर दमट हवेत, तेच २५ अंश आणि ८० टक्के धरा, पाणी असतं साधारण ०.०१८ ग्रॅम. ६५ ग्रॅम काप मऊ पडायला किमान दोन ग्रॅम पाणी लागतं. म्हणजे बरणी उघडून आतली सगळी हवा बदलली असं धरलं तरी शंभरदा उघडावी लागेल. घरच्यांची माफी मागितली. खरा घोटाळा असतो तो झाकणाचा, रबराची रिंग सुटलेली, आटे झिजलेले, वरून बंद दिसतं पण हवा आतबाहेर चालूच असते, किंवा मग पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या ज्यांच्यातून महिनाभरात ओलावा आत येतोच, किंवा वाडग्यात काढून ठेवलेले उरलेले काप परत बरणीत टाकणं, हे तर अजिबात नको. झाकण तपासायला बरणी पाण्याने अर्धी भरा, झाकण लावा, उलटी करून कोरड्या कागदावर ठेवा, कागद ओला झाला की ती बरणी दुसऱ्या कामाला. तपासून झाल्यावर बरणी पूर्ण कोरडी करायला विसरू नका, तेही मी करून बसलेय.

खाण्याच्या पदार्थात चालणारी सिलिका जेलची पुडी टाकली तर चांगलंच, रंग बदलणारे दाणे मिळाले तर कधी थकली ते दिसतं. पण ती पुडी राखण करते, कच्चे राहिलेले काप वाळवून देत नाही. आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या वेगळ्या, दिसायला सारख्याच असतात पण त्या ओलावा काढत नाहीत, तेलकट काप खवट होऊ नयेत यासाठी असतात, बरेच जण त्याच टाकून बसतात आणि मग म्हणतात उपयोग होत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढून गार बरणी उघडली की गार कापांवर हवेतलं दव बसतं, वर लिहिलेला उघडण्याचा हिशोब तिथे लागू होत नाही.

आता उलटी तक्रार, काप कुरकुरीत न होता दगड होतात. रताळं आणि गाजर याबाबतीत सगळ्यात वाईट. कच्चं रताळं चिरून तसंच वाळवलं तर काप पाणी जाता जाता आकसतो, पेशी एकमेकांवर बसतात, आत हवेला जागाच उरत नाही, तयार होते ती घट्ट चकती, दात पडायची भीती. इथे दोन उपाय आहेत आणि दोन्ही खरंच कामाचे. एक, काप उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, रताळं-बटाटा असेल तर चार-पाच, मग लगेच गार पाण्यात, मग सुती कापडावर नीट टिपून कोरडे. यात पेशींच्या भिंती सैल होतात, पाणी लवकर निघतं, बटाट्या-रताळ्यातला स्टार्च शिजतो, आणि काप काळे पाडणारी एन्झाइम्सही मरतात. कांदा, सिमला मिरची, मश्रूम, टोमॅटो यांना हे नको, उगाच लिबलिबीत होतात.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, वाळवायच्या आधी गोठवणं. उकळून टिपलेले काप ट्रेवर सुटे पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये. कापाच्या आत बर्फाचे स्फटिक होतात, ते पेशींच्या भिंती फाडतात, आणि नंतर वाळताना तिथे बारीक बारीक पोकळ्या राहतात. फरक बघायचा असेल तर एकाच गाजराचे अर्धे काप गोठवून आणि अर्धे तसेच, शेजारी शेजारी वाळवा. माझ्याकडे साधा काप गडद, अर्धपारदर्शक, काठाने आत वळलेला निघाला, उजेडासमोर धरला तर रंगीत काचेसारखा. गोठवलेला फिकट, अपारदर्शक, पृष्ठभाग थोडा खरखरीत, वजनाला हलका, आणि दाताखाली आधी चुरचुर मग विरघळल्यासारखा. वाळलाही जवळजवळ दीड तास आधी. फरसबीला, मक्याला, मटाराला तर ही युक्ती हवीच, म्हणजे विकत मिळणारे गोठवलेले तुकडे थेट ट्रेवर टाकले तरी चालतं, ते बहुतेक आधीच उकळत्या पाण्यातून काढलेले असतात. मटाराच्या सालीला मात्र सुईने एकेक टोचावं लागतं नाहीतर बाहेरून सुरकुतलेली गोळी आणि आत ओलं, एवढा पेशन्स माझ्यात नाही, मी मटार सोडून दिले.

एवढं करूनही पाकिटातल्या फुललेल्या, तोंडात विरघळणाऱ्या भाजीच्या चिप्ससारखं होत नाही अशी तक्रार असेल तर ती चूक तुमची नाही. ती पाकिटं बहुतेक दोन पद्धतींनी बनतात. एक निर्वात तळण, म्हणजे हवेचा दाब कमी केलेल्या बंद भांड्यात तेलात तळायचं, तिथे पाणी कमी तापमानालाच उकळून निघतं, रंग टिकतो आणि काप फुलतो, पण पाकिटाच्या मागे घटक वाचा, तेल असतंच, बऱ्यापैकी असतं. दुसरी फ्रीझ ड्राय, गोठलेलं पाणी बर्फातून थेट वाफ होऊन जातं, त्यामुळे भाजी आकसतच नाही, स्पंजसारखी राहते. गरम हवेच्या मशीनमध्ये भाजी आकसणारच. घरच्या कापाचा कुरकुरीतपणा पातळ आणि कडक जातीचा असतो. तो चांगला असतो पण तो वेगळा असतो, आणि हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझी तीन किलो रताळी वाचली असती.

मीठमसाल्याचं थोडक्यात. काप आकसून आठ-दहा पट हलका होतो पण मीठ तेवढंच राहतं, त्यामुळे ओल्या भाजीला चवीपुरतं लागणारं मीठ वाळल्यावर खारट ढाण. निम्म्याहून कमी घाला. तेल अर्ध्या किलोला एक छोटा चमचा, तेही मसाला चिकटावा म्हणून, जास्त तेलाने पाण्याची वाट अडते आणि पंधरा दिवसांत खवट वास येतो. मध, साखर, पाकाचे प्रकार लावले तर काप सादळणारच, मध हवेतून पाणी ओढण्यात पटाईत आहे. गोडसर चव हवी असेल तर खायच्या वेळी वरून भुरभुरवा. लिंबाचा रस लावला तर वाळायला वेळ जास्त धरा.

मशीन नसेल आणि ओव्हन असेल तर सगळ्यात कमी तापमान ठेवा, पंखा असेल तर तो लावा, आणि दार लाकडी चमचा अडकवून बोटभर उघडं, नाहीतर निघालेली वाफ आतच कोंडते आणि भाजी वाळायच्या ऐवजी शिजते. घरात लहान मुलं असतील तर दार उघडं ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. एअर फ्रायरमध्ये काप पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तारेला चिकटतात आणि करपतात, वर एखादी धातूची जाळी ठेवा. पालकासारखी पानं मात्र एअर फ्रायरमध्ये फार पटकन आणि छान होतात, पाचव्या मिनिटापासून डोळा ठेवा, सहाव्याला हिरवी, आठव्याला तपकिरी आणि कडू. मायक्रोवेव्हचं नाव काढू नका, एकाच कापावर एक कोपरा जळका आणि एक ओला.

भेंडीचं मात्र मला राहवत नाही. उभी दोन भाग करायची, बिया तशाच, रात्रभर फ्रीझर, मग ५७ अंशांवर दहा-बारा तास, चिकटपणाचा मागमूस राहत नाही. सुरुवातीचे तीन तास भेंडीवर तार सुटलेली दिसेल आणि वाटेल की फसलं, हात लावू नका, सुटते आपोआप. सगळ्या भाज्यांत सादळायला सगळ्यात सोशिक हीच निघाली, साखर कमी म्हणून असेल. याच्या दुसऱ्या टोकाला टोमॅटो, साखर आणि आंबटपणा दोन्ही भरपूर, कुरकुरीत होतो पण अर्ध्या तासात माघार घेतो.

झालेले काप सादळलेच तर फेकू नका. वास आणि रंग ठीक असेल तर ६५ अंशांवर तास-दीड तास, किंवा ओव्हनमध्ये १०० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मग गार करून बघायचं. बिटावर तपकिरी कडा दिसायला लागल्या की थांबा, पुढे कडू होतं. पण बरणीच्या भिंतीला आतून थेंब दिसले, कुबट वास आला किंवा कुठे पांढरट-हिरवट बुरशीचा ठिपका दिसला तर वरचे काढून खालचे खाणं नको, बरणीभर टाकून द्या, बुरशी दिसते त्याच्यापेक्षा जास्त पसरलेली असते.

दोनदा वाळवूनही ज्यांना आवाज येत नाही ते मी मिक्सरला फिरवून पूड करते, टोमॅटोची तर मुद्दामच. पूड करायच्या आधी काप पूर्ण गार असू द्या आणि मिक्सर थांबून थांबून फिरवा, भांडं तापलं की पूड भांड्याला चिकटते. आणि ती छोट्यात छोट्या बरणीत गच्च भरा, कारण पूड कापांपेक्षाही लवकर सादळते, माझा बिटाचा एक गोळा अजून बरणीच्या तळाला चिकटून बसलाय, चमचा वाकला पण तो हलत नाही.